नवी डिस्क टाकली तरी परत जाते? लॅपटॉपच्या हार्ड डिस्कला बसणारे धक्के कसे शोधायचे

"दादा, डिस्क नवीनच टाकली होती, वर्षही नाही झालं." ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या लॅपटॉप दुरुस्तीच्या टेबलावर हे वाक्य महिन्यातून दोन-तीनदा तरी येतं. पहिल्यांदा डिस्क गेली की लोक नशिबाला बोल लावतात, दुसऱ्यांदा गेली की डिस्क बनवणाऱ्या कंपनीला. लॅपटॉप उघडला की कारण भलतंच निघतं. कधी ते बॅगेच्या तळाशी असतं, कधी झाकणाच्या सेटिंगमध्ये, तर कधी मागच्या दुरुस्तीत न लावलेल्या चार स्क्रूंमध्ये.

एसएसडीच्या, म्हणजे आत काहीच न फिरणाऱ्या डिस्कच्या, जमान्यात हे कशाला, असं कोणी म्हणेल. पण सेकंडहँड घेतलेले, ऑफिसने काढून टाकलेले, किंवा छोट्या एसएसडीच्या जोडीला १ टीबीची फिरती डिस्क असलेले लॅपटॉप अजून भरपूर आहेत. शिवाय घरोघरी फोटोंनी भरलेली एक पोर्टेबल डिस्क असतेच, आणि तिच्यातही हाच जीव असतो.

लक्षणं

लॅपटॉप चालू व्हायला पाच-सात मिनिटं लागतात. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के दिसते. नुसत्या १०० टक्क्यांना घाबरू नका; फिरत्या डिस्कवर विंडोज १० चालवलं की पहिली दहा मिनिटं तसं दिसतंच. डिस्क १०० टक्के, पण वाचण्याचा वेग जवळजवळ शून्य आणि रिस्पॉन्स टाइम हजारो मिलिसेकंद, अशी जोडी दिसली की मात्र गडबड आहे.

एखादा ठरावीक फोल्डर उघडला की मशीन हँग होतं, कॉपी करताना गाडी दर वेळी त्याच फाइलवर अडते. सुरू होताना डिस्क दुरुस्त करत असल्याचा संदेश वारंवार येतो. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर, डिस्क कधी दिसते, कधी नाही.

आणि आवाज. एका तालात टिक-टिक-टिक, मग शांतता, मग परत टिक-टिक. घासल्यासारखा खरखराट. किंवा बारीक बीप आणि पुढे काहीच नाही. यातलं काही ऐकू येत असेल तर पुढचं सगळं सोडा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून मशीन बंद करा आणि थेट शेवटच्या भागाकडे जा. डिस्क मिनिटाला ५४०० फेरे मारते, म्हणजे सेकंदाला ९०. प्लेटरवर, म्हणजे डेटा असलेल्या आतल्या फिरत्या चकतीवर, ओरखडा पडला असेल तर हेड, म्हणजे ती चकती वाचणारं टोक, त्याच जखमेवरून सेकंदाला नव्वद वेळा जातं, आणि उडालेली भुकटी आत सगळीकडे पसरते. "जरा बघतो चालतंय का" म्हणून दिलेली पाच मिनिटं फार महागात पडतात.

आवाज नसेल, तर तपासण्या सुरू करण्याआधी कामाच्या फाइल्स पेन ड्राइव्हवर घ्या. आधी छोट्या आणि परत न मिळणाऱ्या: टॅलीचा डेटा, कागदपत्रं, मुलांचे फोटो. सिनेमे शेवटी. या काळात अँटिव्हायरसचं पूर्ण स्कॅन नको, डीफ्रॅग (फाइल्सचे विखुरलेले तुकडे जुळवणं) नको, आणि चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासणी) तर अजिबात नको. चेकडिस्क डेटा वाचवण्यासाठी नसतं, ते फाइल सिस्टिमचा हिशेब जुळवतं. हिशेब जुळत नसेल तर ते नोंदच खोडून मोकळं होतं, आणि बॅड सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे खराब झालेले तुकडे, शोधायला लावलं तर आधीच धापा टाकणारी डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत घासून काढतं.

आठवून बघा (फुकट)

"पडला होता का?" या प्रश्नाचं उत्तर नेहमी "नाही" असं येतं. म्हणून मी तो प्रश्न विचारणंच सोडून दिलं. आता विचारतो, "गेल्या पंधरा दिवसांत लॅपटॉप कुठे कुठे ठेवलात?" शिकवण्या घेणाऱ्या एक काकू आल्या होत्या. पडला नाही म्हणजे नाहीच. पाच मिनिटांनी, चालू लॅपटॉप उशीवर ठेवून शिकवतात आणि नातू येऊन आदळतो, हे हसत हसत सांगितलं. "पडला नाही हो, नुसता घसरतो." रोज घसरतो!

चालू आणि बंद यातला फरक समजला की अर्धं काम झालं. डिस्क फिरत असते तेव्हा हेड प्लेटरपासून फक्त काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. आपला केस साधारण ८०,००० नॅनोमीटर जाड असतो, यावरून अंदाज करा. डिस्क थांबली की हेड प्लेटर सोडून बाजूच्या छोट्या उतारावर जाऊन बसतं. यालाच पार्क होणं म्हणतात. तिथे बसल्यावर खाली आपटायला प्लेटरच नसतं. लॅपटॉपच्या अडीच इंची डिस्कचं माहितीपत्रक उघडलं की हे आकड्यांत दिसतं: चालू असताना साधारण ३५० ते ४०० जीचा (एक जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ओढीएवढा) धक्का चालतो, बंद असताना ८०० ते १००० जी.

हे ४०० जी ऐकायला खूप वाटतात. पण हिशेब करून बघा. पडण्याची उंची भागिले थांबायला मिळालेली जागा, असा ढोबळ सरासरी आकडा निघतो. पाऊण मीटरच्या टेबलावरून लॅपटॉप लादीवर पडला आणि प्लॅस्टिक दबून एका मिलिमीटरमध्ये थांबला, तर ७५० भागिले १, म्हणजे ७५० जी. चालू डिस्क गेली, बंद डिस्क कदाचित वाचेल. तोच लॅपटॉप फोमवर पडला आणि थांबायला एक सेंटिमीटर मिळाला, तर ७५ जी. त्या एका सेंटिमीटरसाठीच पुढे बॅगेचं सगळं पुराण आहे.

आणखी एक सवय विचारून घेतो. हँग झाला की लॅपटॉपवर थापट मारता का? बऱ्याच मॉडेलांत डिस्क मनगट टेकतं तिथेच, बरोबर खाली असते. जुन्या टीव्हीला थापट लागू पडायची. इथे ती हेडला लागते.

झाकण आणि दिवा (दोन मिनिटं, फुकट)

माझ्या मते सगळ्यात जास्त डिस्क इथे मरतात, आणि याकडेच कोणी बघत नाही.

संध्याकाळी ऐरोली किंवा घणसोलीच्या ऑफिसातून निघायची वेळ. ठाण्याची गाडी चार मिनिटांवर आहे. माणूस झाकण आपटतो, लॅपटॉप बॅगेत कोंबतो आणि जिना उतरायला लागतो. त्या लॅपटॉपला झाकण बंद केल्यावर हायबरनेट व्हायचं असेल, तर बरोबर त्याच वेळी तो रॅममधलं सगळं डिस्कवर लिहीत असतो. फिरत्या डिस्कला त्यासाठी अर्धा-पाऊण मिनिट सहज लागतं. म्हणजे डिस्क दिवसभरात सगळ्यात जोरात पळत असते तेव्हाच बॅग जिन्याच्या कठड्यावर आपटत असते. शटडाउन केलं तरी पूर्ण सुटका नाही. विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप चालू असेल तर बंद होतानाही ते एक मोठी फाइल लिहितं.

दुसरा प्रकार त्याहून वाईट. कधीतरी डाउनलोड चालू राहावं म्हणून झाकणाचं सेटिंग "डू नथिंग" केलेलं असतं आणि नंतर ते विसरलेलं असतं. असा लॅपटॉप बॅगेत पूर्ण जागा राहतो. घोडबंदर रोडच्या खड्ड्यांतून स्कूटरच्या पुढच्या फळीवर ठेवलेल्या बॅगेत डिस्क फिरतेच आहे. बॅगेतून काढल्यावर लॅपटॉप भाकरीसारखा गरम लागत असेल, तर समजा हेच होतंय.

कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्स उघडा आणि झाकण बंद केल्यावर काय व्हावं ते बघा. बॅटरीवर आणि चार्जरवर अशी दोन वेगळी खाती असतात, दोन्ही बघा. तिथे स्लीप ठेवा. प्रवासाला निघताना मात्र नीट शटडाउन करा आणि फास्ट स्टार्टअपची खूण काढून टाका. डिस्कला तेवढं लिखाण कमी. काहीही केलं तरी पॉवरचा दिवा विझेपर्यंत, किंवा स्लीपमध्ये तो मंद लुकलुकायला लागेपर्यंत, लॅपटॉप टेबलावरून उचलायचा नाही. विझल्यावर मनात दहा आकडे मोजा, प्लेटर थांबायला तेवढा वेळ लागतो. एक गाडी चुकली तर चुकू दे, पुढची येतेच.

बॅटरी मेलेला लॅपटॉप फक्त चार्जरवर चालवणाऱ्यांनाही इथेच सांगतो. लाइट गेली किंवा पिन निसटली की डिस्कचा वीजपुरवठा अचानक तुटतो. हेड तेव्हाही पार्क होतं, पण प्लेटर फिरत असतो त्या उरलेल्या जोरावर, घाईघाईत. कधीतरी झालं तर हरकत नाही. रोज चार वेळा होत असेल तर आधी बॅटरी बदला.

बॅगेचा तळ (शंभर-दोनशे रुपये)

बॅगेत लॅपटॉप ठेवा आणि बाहेरून तळाला हात लावा. लॅपटॉपची कड थेट हाताला लागते? मग ती बॅग पाठीवर शोभते, पण संरक्षण देत नाही. दाटीच्या डब्यात माणूस बॅग पुढे घेतो, सीट मिळाली की पायाशी टाकतो. टाकतो म्हणजे अक्षरशः सोडतो. जागा मिळाली तर वरच्या रॅकवर ठेवतो आणि कळव्याला कोणीतरी आपली बॅग ओढताना ती खाली येते. दर वेळी पहिला मार तळाला.

चांगल्या बॅगेत लॅपटॉपचा कप्पा तळापासून दोन-तीन बोटं वर संपतो, लॅपटॉप टांगल्यासारखा राहतो. तसं नसेल तर जुन्या योगा मॅटची दोन-तीन घड्यांची पट्टी कापून तळाशी घाला. सोफ्यातला मऊ स्पंज नको. लॅपटॉपच्या वजनाने तो पूर्ण चेपतो आणि मग असून नसल्यासारखा. अंगठ्याने दाबल्यावर विरोध करणारा फोम हवा. चार्जरची वीट आणि स्टीलचा डबा लॅपटॉपच्या कप्प्यात ठेवू नका. बॅग आपटली की तो डबाच हातोडा होतो.

डिस्कला विचारा (पंधरा मिनिटं, फुकट)

डिस्क आपली तब्येत स्वतः नोंदवत असते, तिला स्मार्ट म्हणतात. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर घ्या. त्यातले मूळ आकडे सुरुवातीला हेक्सामध्ये दिसतात आणि लोक उगाच घाबरतात. फंक्शनमधल्या ॲडव्हान्स्ड फीचरमध्ये रॉ व्हॅल्यूज दशमान करून घ्या.

यादीत प्रत्येक ओळीला एक क्रमांक असतो. ०५ म्हणजे बदलून दिलेले खराब सेक्टर, सी५ म्हणजे वाचता न येणारे आणि निर्णयाची वाट बघणारे, सी६ म्हणजे वाचायचे प्रयत्न हरलेले. हे तिन्ही शून्य हवेत. ०५ दोन-चार असेल आणि महिनोन्‌महिने तेवढाच असेल तर मी डिस्क लगेच फेकायला सांगत नाही. सी५ आठवड्यात वाढला तर मात्र डिस्क निरोप घेतेय.

बीएफ हा आकडा बऱ्याच डिस्कमध्ये असतो, काहींत एफई सुद्धा. बीएफ म्हणजे डिस्कने स्वतः अनुभवलेले धक्के, एफई म्हणजे मोकळं पडणं ओळखलेले प्रसंग. "पडलाच नाही" म्हणणाऱ्याला मी हे दोन आकडे दाखवतो. भांडायला नाही, बॅग बदलली की आकडा वाढायचा थांबतो का, हे बघायला. आज लिहून ठेवा, पंधरा दिवसांनी परत बघा. बीएफ मोजायची पद्धत प्रत्येक कंपनीची वेगळी असते, म्हणून तुमचा आकडा शेजाऱ्याच्या आकड्याशी ताडून बघू नका.

आणि सी७. बाकी सगळे शून्य, फक्त सी७ वाढतोय, असं असेल तर आनंद करा. ही चूक डिस्क आणि बोर्ड यांच्यामधल्या वाटेवरची आहे, म्हणजे बहुधा केबल सैल आहे.

पडणं ओळखणारा सेन्सर (अर्धा तास)

आयबीएमने २००३ साली थिंकपॅडमध्ये हालचाल ओळखून हेड पार्क करणारी यंत्रणा आणली, ॲपलने २००५ मध्ये. मग एचपी, डेल, तोशिबा यांच्याकडेही तसं काहीतरी आलं. यातल्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये सेन्सर बोर्डावर असतो, पण तो वापरणारं सॉफ्टवेअर विंडोजबरोबर येत नाही. लॅपटॉप फॉरमॅट झाला की ते उडतं, आणि परत टाकायचं कोणाला सुचत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या खुणेचं "अननोन डिव्हाइस" दिसलं तर कंपनीच्या साइटवर आपल्या मॉडेलपुढे डिस्क प्रोटेक्शनचा ड्रायव्हर आहे का ते बघा.

पण याच्यावर विसंबू नका. टेबलावरून जमिनीवर यायला ०.३९ सेकंद लागतात, तेवढ्यात हेड बाजूला होऊ शकतं. पाच सेंटिमीटरवरून आदळायला ०.१ सेकंद. तेवढ्यात सेन्सरला कळेपर्यंत खेळ आटोपलेला असतो.

मागचं झाकण (स्क्रूड्रायव्हर हाती धरता येत असेल तरच)

वॉरंटी चालू असेल तर उघडू नका. नसेल तर आधी लॅपटॉप पूर्ण बंद करून कानाशी धरा आणि हळूच डावी-उजवीकडे कलंडवा. आत काहीतरी टक्‌ करून सरकलं तर डिस्क मोकळी आहे.

मागच्या पावसाळ्यात एका आर्टिकलशिप करणाऱ्या मुलाचा लॅपटॉप आला. दीड वर्षातली तिसरी डिस्क. मागचं झाकण काढलं तर डिस्कच्या एका बाजूला अगरबत्तीच्या पुड्याचा चार पदरी पुठ्ठा खोचलेला, घामाने आणि दमटपणाने मऊ पडलेला. त्याच्यावर अजून "मोगरा" वाचता येत होतं. स्क्रू एकही नाही. झालं असं की मूळ डिस्क होती साडेनऊ मिलिमीटर जाडीची. हल्लीच्या येतात सात मिलिमीटरच्या. त्या अडीच मिलिमीटरच्या फटीत स्पेसर लावायचा असतो. तो न लावता मागच्या दुरुस्तीवाल्याने पुठ्ठा लावून वेळ मारून नेली होती. अशा लॅपटॉपला धक्का बसला की आधी लॅपटॉप थांबतो, मग आतली डिस्क त्या फटीतून जाऊन भिंतीवर वेगळी आपटते. म्हणजे दर धक्क्याला दोन धक्के. नव्या डिस्कचे पैसे तीनदा गेले. स्पेसर, जुन्या लॅपटॉपमधून काढलेले रबर आणि चार एम३ स्क्रू यांचे मी त्याच्याकडून चहाचे पैसेही घेतले नाहीत.

तर उघडल्यावर बॅटरी आधी काढा (आत असेल तर तिचा कनेक्टर) आणि मग एवढं बघा. डिस्कला धातूची किंवा प्लॅस्टिकची कॅडी (डिस्क धरून ठेवणारी चौकट) आहे का? तिचे सगळे स्क्रू आहेत का? कोपऱ्यातली रबरं आहेत का, की कडक होऊन तुटलीत? सात मिलिमीटरची डिस्क असेल तर स्पेसर आहे का? चपट्या फ्लेक्स केबलचं टोक सॉकेटमध्ये सरळ आणि पूर्ण बसलंय का? पडल्यानंतर "डिस्क दिसत नाही" म्हणून आलेले काही लॅपटॉप मी ही केबल काढून परत बसवण्यावर परत पाठवले आहेत. स्क्रू आवळताना जोर लावू नका, आणि लांब स्क्रू चुकूनही नको.

डिस्कच्या झाकणावर एक छोटं भोक असतं, हवेचा दाब सारखा राहावा म्हणून. त्यावर टेप, स्टिकर, फोम काही चिकटवू नका. रबराची पट्टी त्याच्यावर चिकटवलेलीही मी पाहिली आहे.

स्मार्टचे आकडे स्वच्छ असतील, तर इथेच क्लोन करून (डिस्कची हुबेहूब नक्कल काढून) एसएसडी टाकणं सगळ्यात शहाणपणाचं. तिच्यात फिरणारं काही नाही, आणि माहितीपत्रकात १५०० जीचे आकडे असतात. मोठी फिरती डिस्क मग घरी टेबलावर ठेवा, बॅकअपसाठी.

इथे थांबा

टिक-टिक, खरखर किंवा बीप. पडल्यावर बायोसमध्ये डिस्क दिसत नाही आणि केबल नीट बसवूनही दिसत नाही. सी५ दर तासाला वाढतोय. कॉपी करताना वेग शून्यावर जाऊन डिस्क गायब होते. यातलं काही असेल आणि आतला डेटा तुम्हाला हवा असेल, तर तुमचं काम संपलं. माझंही. मी अशी डिस्क घेत नाही, डेटा रिकव्हरीवाल्याकडे पाठवतो, कारण हेड बदलायला धूळविरहित जागा आणि सुटे भाग काढून घ्यायला तशीच दुसरी डिस्क लागते. डेटा नको असेल तर प्रश्नच नाही, नवीन टाका.

फ्रीझरमध्ये ठेवू नका. आपल्याकडच्या दमट हवेत बाहेर काढताक्षणी तिच्यावर पाणी धरतं. तळहातावर आपटू नका. झाकण उघडून "फक्त बघू" नका. दुसऱ्या डिस्कचं सर्किट बोर्ड काढून लावू नका. त्या बोर्डावर त्याच एका डिस्कची माहिती असलेली चिप असते, दुसरं बोर्ड सहसा नुसतं लावून चालत नाही.

रिकव्हरीवाल्याकडे जाताना डिस्क अँटिस्टॅटिक पिशवीत आणि भोवती जाड फोम, असं न्या. खिशात किंवा भाजीच्या पिशवीत नको. "तपासणीचे पैसे किती, आणि डेटा नाही निघाला तर किती" हे आधी लेखी घ्या. एका कागदावर लिहून द्या: कधी पडली, तेव्हा चालू होती की बंद, त्यानंतर किती वेळा चालू केली, कोणी उघडली होती का, आणि सगळ्यात आधी कोणते फोल्डर हवेत. चालू केल्याचा आकडा खरा लिहा, लाजून कमी करू नका. विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की लागेल. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, आणि ते खातं कोणत्या ईमेलवर उघडलं होतं हे घरातल्या पोरांनाच ठाऊक असतं. त्यांना आजच विचारून ठेवा.